वस्तीत मोफत सल्ला केंद्र चालवायचंय? मग आधी हे वाचा

सरकारी कामांत आणि कागदपत्रांत अडलेल्यांना वाट दाखवणारं सल्ला केंद्र सुरू करायचं म्हटलं की पहिली मीटिंग बोर्डावर काय लिहायचं आणि उद्घाटनाला कोणाला बोलवायचं यातच जाते. दोन्ही राहू द्या. एक टेबल, चार खुर्च्या, एक जाड रजिस्टर आणि दर आठवड्याला ठरलेल्या वेळी न चुकता येऊन बसणारी माणसं, एवढं जमलं की केंद्र सुरू झालं समजा. आमचं शनिवारी संध्याकाळी असतं, वाचनालयाच्या मागच्या खोलीत. शनिवार अशासाठी की सोमवारी ऑफिसं उघडतात तोवर सांगितलेलं लोकांच्या डोक्यात ताजं असतं. वेळ मात्र पाळायची म्हणजे पाळायची, कारण एखादी मावशी कामाचा खाडा करून आली आणि खोलीला कुलूप दिसलं की ती परत येत नाही, वर चार जणींना सांगते.

आता मुद्द्याचं. केंद्राने लोकांची कामं करून द्यायची नाहीत. हे वाचून काही जण चिडतील, पण ओळखीने काम करून देणारे दर गल्लीत आहेत, त्यातले निम्मे पैसे घेतात आणि उरलेले मतं. आपल्याकडे आलेल्या माणसाला कुठला अर्ज, कोणाच्या नावे, सोबत काय जोडायचं, दिल्यावर पोच कशी घ्यायची आणि मुदतीत काही झालं नाही तर पुढे काय, एवढं नीट कळलं पाहिजे. एखाद्या व्हॉलंटिअरची तहसीलमध्ये ओळख असते, तो फोन लावतो, काम होतं, सगळे खूश. पुढच्या शनिवारी सगळ्या रांगेला तोच फोन लावून हवा असतो, आणि साहेबांची बदली झाली की केंद्राची पण किंमत संपली.

व्हॉलंटिअर कुठून आणायचे, तर रिटायर झालेली माणसं सोनं आहेत, खास करून बँकेतली, पोस्टातली आणि महसूल खात्यातली. फाइल टेबलावर कुठे अडकते हे त्यांना बरोब्बर माहीत असतं. फक्त त्यांना एक सांगावं लागतं की काका, इथे तुम्ही काउंटरच्या या बाजूला आहात. कॉलेजची पोरं एनएसएसच्या (राष्ट्रीय सेवा योजना) तासांसाठी येतात, वर्षाला १२० तास भरायचे असतात त्यांना, त्यात काही वाईट नाही, ऑनलाइन फॉर्म आणि अर्ज टाईप करणं त्यांच्याइतकं पटकन कोणाला जमत नाही. लॉ कॉलेज जवळ असेल तर तिथल्या लीगल एड सेलच्या (मोफत कायदा मदत कक्ष) सरांना जाऊन भेटा. आणि घरी असणाऱ्या बायकांना विसरू नका. आमच्या टीममधल्या सगळ्यात चांगल्या ऐकणाऱ्या ताईंनी आयुष्यात कुठल्या ऑफिसात नोकरी केलेली नाही, पण समोरची बाई नेमकं काय सांगायचं टाळतेय हे त्यांना पहिल्या पाच मिनिटांत कळतं.

नवीन माणसाला लगेच टेबल देऊ नका. सुरुवातीचे काही आठवडे जुन्याच्या शेजारी बसून नुसतं लिहू दे. एका टेबलावर कायम दोघं ठेवायची, एक बोलतो, एक लिहितो. यामुळे बोलणाऱ्याचं लक्ष समोरच्याच्या तोंडाकडे राहतं, आणि उद्या कोणी म्हणालं की तुमच्या माणसाने मला असं सांगितलंच नव्हतं तर लिहिलेलं असतं. ‘होऊन जाईल’ आणि ‘काळजी करू नका’ ही दोन वाक्यं आमच्याकडे बंद आहेत. माहीत नसेल तर ‘बघून पुढच्या शनिवारी सांगतो’ म्हणायचं, यात कमीपणा काहीच नाही, चुकीचा सल्ला देऊन माणसाची दोन दिवसांची मजुरी बुडवण्यापेक्षा ते शंभरपट बरं.

रजिस्टरमध्ये नाव, मोबाईल, काय अडचण, कोणती कागदं बघितली, काय सांगितलं आणि परत कधी यायचं. शेवटचा रकाना बहुतेक ठिकाणी रिकामा असतो आणि खरं केंद्र तिथेच बसतं. माणूस सांगितल्या तारखेला आला नाही तर एक फोन करायचा. झालं का काम, विचारायचं. हे फोन करायचं काम कोणाला आवडत नाही, म्हणून पाळीपाळीने वाटून घ्या.

समोर बसलेल्याला पहिला प्रश्न विचारायचा तो तारखेचा. कागद कधी मिळाला, पैसे कधी गेले, चेक कधी परत आला? कारण बरीच कामं मुदतीवर मरतात. चेक बाऊन्स झाल्याचं बँकेकडून कळलं की ३० दिवसांत लेखी नोटीस जायला पाहिजे. ग्राहक तक्रारीला २ वर्षं मिळतात, ती पण निघून जातात कारण दुकानदार ‘पुढच्या महिन्यात बघू’ करत राहतो. आणि ऑनलाइन फसवणुकीत तर शनिवारची वाटच बघायची नाही, १९३० या सायबर हेल्पलाइनला लगेच फोन, तो नंबर आम्ही दारावर मोठ्ठा लिहून ठेवलाय, पैसे पुढच्या खात्यात सरकायच्या आत थांबले तर थांबले.

एक केस जरा सविस्तर सांगते कारण ही तुमच्याकडे दर आठवड्याला येणार. आजी येतात, संजय गांधी निराधारचे १५०० रुपये कित्येक महिने आले नाहीत. तहसीलमध्ये म्हणतात आम्ही सोडले, बँकेत म्हणतात आले नाहीत, आधार लिंक आहे तुमचं. दोघंही खरं बोलतायत! मेख अशी की खात्याला आधार नंबर जोडलेला असणं वेगळं आणि सरकारी पैसे आधारवरून ज्या खात्यात जातात ते खातं वेगळं. आधारवर येणारा पैसा जातो तो सगळ्यात शेवटी ज्या बँकेत सीडिंग झालं, म्हणजे सरकारी पैशासाठी आधारशी खातं जोडलं गेलं, तिथे. मग पिशवी उघडायची. पिशवीत एक नाही तर दोन पासबुकं निघतात, किंवा आठवतं की मागे रिचार्जच्या दुकानात अंगठा दिला होता आणि त्याने कुठलंतरी पेमेंट बँकेचं खातं उघडून दिलं होतं. माय आधारच्या साईटवर बँक सीडिंग स्टेटस बघितलं की बँकेचं नाव दिसतं, पैसे तिथे पडून असतात. मग हव्या त्या बँकेत जाऊन डीबीटीसाठी (सरकारी पैसे थेट खात्यात येणं) सीडिंगचा फॉर्म भरायचा, नुसतं ‘आधार लिंक करा’ म्हणायचं नाही, शब्द नेमका वापरायचा. साईटवर स्टेटस बघायला ओटीपी लागतो आणि तो आधारला जोडलेल्या मोबाईलवर येतो, जो बऱ्याचदा मुंबईला गेलेल्या नातवाकडे असतो. त्यामुळे आजींना आधी फोन लावायला सांगा, नातू कामावर असेल तर सुट्टी कधी ते विचारा. आणि हयातीचा दाखला या वर्षी दिलाय का तेही त्याच वेळी बघून घ्या, नाहीतर सीडिंग नीट करूनही पैसे बंदच.

आता पोच. अर्जाच्या कायम दोन प्रती, दुसरीवर आवक शिक्का, तारीख आणि नंबर. ‘ठेवा इथे, साहेब बघतील’ म्हणाले तर नम्रपणे म्हणायचं की ताई, शिक्का मारून द्या, मी थांबते. नाहीच दिला तर स्पीड पोस्टने पाठवून पावती जपायची. दाखल्यांसाठी आपले सरकार पोर्टल किंवा सेतूतून (सरकारी अर्ज भरून देणारं केंद्र) अर्ज केला की टोकन नंबर मिळतो, तीच पोच. महाराष्ट्र लोकसेवा हक्क अधिनियम २०१५ सालचा आहे, त्यात अधिसूचित (सरकारने यादीत जाहीर केलेल्या) सेवेला दिवस ठरलेले आहेत आणि ते ऑफिसात फलकावर लावणं बंधनकारक आहे. मुदत उलटली की ३० दिवसांत पहिलं अपील, मग दुसरं, मग थेट लोकसेवा हक्क आयोग. दोषी अधिकाऱ्याला ५०० ते ५००० रुपये दंड होऊ शकतो. अपिलाची भाषा तिखट करायची गरज नाही. कधी अर्ज केला, किती दिवसांत मिळायला हवं होतं, आज किती दिवस झाले, बस. अनुभव असा की अपिलाचा कागद टेबलावर आला की बऱ्याचदा दाखलाच आधी येतो.

ज्या अर्जाला असली मुदत नाही तिथे माहिती अधिकार. १० रुपयांचं कोर्ट फी स्टॅम्प, एकच विषय, १५० शब्दांच्या आत. लोक यात ‘माझं काम का केलं नाही’ असं विचारतात आणि उत्तर येतं की हे माहितीत बसत नाही, आणि ते बरोबरच असतं, कारण या कायद्यात तुम्ही रेकॉर्ड मागता, खुलासा नाही. म्हणून विचारायचं असं: अमुक तारखेच्या, अमुक आवक क्रमांकाच्या माझ्या अर्जावर तारीखवार काय कार्यवाही झाली, अर्ज सध्या कोणत्या अधिकाऱ्याकडे आहे, टिपणीची प्रत द्यावी. ३० दिवसांत उत्तर नाही आलं तर पहिलं अपील, त्याला २० रुपयांचा स्टॅम्प.

दवाखान्याच्या केसेस पळत येतात, त्यांना लांबड लावायची नाही. महात्मा फुले जनआरोग्य योजनेतलं हॉस्पिटल असेल तर पैसे भरायच्या आधी आरोग्यमित्राचं (योजनेचा हॉस्पिटलमधला मदतनीस) टेबल शोधायला सांगा. धर्मादाय हॉस्पिटल असेल तर १० टक्के खाटा निर्धन आणि १० टक्के दुर्बल घटकांसाठी ठेवाव्या लागतात, तिथल्या वैद्यकीय समाजसेवकाला भेटायचं. उत्पन्नाचा दाखला आणि रेशनकार्ड सोबत, ओरिजिनल.

काही केसेस आपल्या नाहीतच. कोर्टात तारीख लागलेली असेल, जमिनीची भांडणं, पोटगी, अटक, यात घरबसल्या वकिली करायची नाही. जिल्हा कोर्टाच्या आवारात जिल्हा विधी सेवा प्राधिकरण असतं, तालुक्याला समिती असते, फोन १५१००. बायका, लहान मुलं, अनुसूचित जाती-जमातीचे लोक, दिव्यांग, कोठडीतले, औद्योगिक कामगार यांना उत्पन्न कितीही असो, वकील फुकट मिळतो. हे आमच्याकडे येणाऱ्या दहातल्या नऊ जणींना माहीत नसतं. तुमच्यातल्या एखाद्याने तिथे पॅरालीगल व्हॉलंटिअरचं (वकील नसलेला कायदा मदतनीस) ट्रेनिंग घेतलं तर फारच छान.

घरातली मारहाण सांगायला आलेली बाई चारचौघांत बोलणार नाही. ती रेशनकार्डाचं विचारायला येते आणि उठता उठता काहीतरी अर्धवट बोलते. तिला बाजूला घ्या, व्हॉलंटिअर बाईच हवी. १८१ (महिला हेल्पलाइन) आणि ११२ (तातडीची मदत) हे नंबर, घरगुती हिंसेच्या केसेस बघणारे संरक्षण अधिकारी कुठे बसतात ते सांगा, पण कागदावर लिहून देण्याआधी विचारा की हा कागद घरी कोणाला सापडला तर चालेल का. आणि आपल्यातल्या कोणा दादाने ‘मी बोलतो त्याच्याशी, समजावतो’ म्हटलं तर त्याला तिथेच थांबवा. कित्येकदा समजावून आल्या रात्रीच मार वाढतो.

कागदांचं पण बघा. व्हॉट्सॲप ग्रुपवर कोणाच्या आधारचा फोटो टाकायचा नाही, ‘हे कोणाला माहितीये का’ म्हणून सुद्धा नाही. प्रश्न टाका, नाव-नंबर काढून. ऑनलाइन अर्ज झाला की मोबाईलमधले फोटो समोरच डिलीट. चालत असेल तिथे मास्क्ड आधार, त्यात शेवटचे चारच आकडे दिसतात. रजिस्टर कपाटात, किल्ली एकाकडे. छोट्या गावात तर हे दुप्पट पाळा, अमुकची सून केंद्रात गेली होती ही बातमी चहाच्या टपरीवर माणसाच्या आधी पोहोचते.

आजूबाजूचा आधार कसा मिळतो, तर मागायला जावं लागतं, आणि पैसे सोडून मागावं. झेरॉक्सवाला शनिवारी दुकान थोडं उशिरापर्यंत उघडं ठेवेल का? अंगणवाडीच्या आणि आशाताई घरोघर जातात, अडलेल्या बायका त्यांना माहीत असतात, त्यांनी पाठवलेली केस नेहमी खरी निघते. गणपती मंडळाची पोरं एरवी रिकामी असतात, त्यांना म्हाताऱ्यांना बँकेत घेऊन जायचं काम द्या, गाडी आहेच त्यांच्याकडे. आणि ज्यांचं काम झालं तीच माणसं पुढे सगळ्यात जास्त उपयोगी पडतात. विधवा पेन्शन सुरू झालेली एक ताई आता दर महिन्याला शेजारच्या कोणाला तरी घेऊन येते आणि रांगेतच तिला सांगत असते की कोणता कागद आधी काढून ठेव. तिला व्हॉलंटिअर म्हटलं की लाजते, पण नवीन माणसाची भीती तीच घालवते.

फी नाही. झेरॉक्सचे आणि स्टॅम्पचे पैसे ज्याचे त्याने थेट दुकानात द्यायचे, आपल्या टेबलावर रोख येताच कामा नये. दिवाळीला मिठाईचे बॉक्स येतात, ते सगळ्यांसमोर फोडून रांगेतल्यांनाच वाटून टाकायचे. नगरसेवक फ्लेक्स लावून देतो म्हणेल, खुर्च्या देतो म्हणेल, गोड बोलून नाही म्हणा, निवडणुकीत त्या खुर्च्यांचा हिशोब मागितला जातो. देणग्या घ्यायला लागलात की मात्र धर्मादाय आयुक्तांकडे नोंदणी करा, पावतीबुक ठेवा. सुरुवातीलाच संस्था काढायची घाई नको, अध्यक्ष कोण यावरून बंद पडलेली केंद्रं मी बघितलीत.

व्हॉलंटिअर टिकवायचे असतील तर केंद्र बंद झाल्यावर अर्धा तास सगळ्यांनी चहाला बसा. जड केस ऐकलेला माणूस तसाच घरी गेला तर दोन-चार आठवड्यांत यायचा बंद होतो. तिथे नावं न घेता बोलायचं, शंका विचारायच्या, कोण दमलंय ते दिसतं. दमलेल्याला महिनाभर फक्त फोनचं काम द्या. परीक्षेच्या दिवसात पोरं गायब होणार हे धरूनच पाळ्या लावा.

सुरुवात कधी करावी? जूनमध्ये अजिबात नाही. तेव्हा शाळा-कॉलेज ॲडमिशनसाठी उत्पन्न, जात, नॉन-क्रिमिलेयर अशी दाखल्यांची झुंबड असते, सर्व्हर बसलेला असतो आणि नवीन टीम पहिल्याच महिन्यात गांगरते. दिवाळीनंतर सुरू करा, हळूहळू केसेस येतील, हात बसेल. मार्चमध्ये येणाऱ्या प्रत्येक आईबापाला मुलांच्या दाखल्यांचं आत्ताच विचारून ठेवा. पहिल्या शनिवारी रजिस्टर, दोन पेनं, शाईचं पॅड (सही न येणाऱ्यांसाठी), कोरे कागद, स्टेपलर, एक मोबाईल चार्जर आणि प्यायचं पाणी घेऊन जा. कोणीच आलं नाही तरी वेळ संपेपर्यंत बसा, दार उघडं ठेवून.