जुने अमेरिकी सैनिकी बिल्ले आणि साहित्य कसं जमवावं

दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेने सुमारे १ कोटी ६० लाख माणसांच्या अंगावर गणवेश चढवला. प्रत्येकाला खांद्यावरचा पॅच, पट्टा, पाण्याची बाटली, गळ्यातल्या ओळखपट्ट्या मिळाल्या. आता ती पिढी जवळजवळ संपली आहे आणि त्यांच्या ट्रंका माळ्यावरून उतरून घरगुती लिलावांत, रविवारच्या बाजारांत येऊ लागल्या आहेत. म्हणून हा छंद आजही सामान्य पगारदाराला परवडतो. फक्त दुर्मिळ वस्तूमागे धावू नका. ज्या वस्तूचा माणूस सापडतो ती साधी असली तरी मोलाची, असं माझं ठाम मत आहे. पुढचं सगळं त्याच हिशोबाने लिहिलं आहे.

आधी एक कोपरा निवडा

सगळंच जमवायला निघालात तर घरात नुसता ढीग होईल. एखादी डिव्हिजन, एखादी आघाडी किंवा नुसते पॅच, एवढंच धरा. खांद्यावर पॅच लावण्याची प्रथा अमेरिकी लष्करात १९१८ मध्ये ८१ व्या डिव्हिजनच्या रानमांजराच्या चिन्हापासून पडली. तेव्हापासून निघालेले प्रकार जमवता जमवता आयुष्य अपुरं पडेल.

मराठी माणसाला मी सीबीआय, म्हणजे चीन-बर्मा-इंडिया आघाडी सुचवेन, कारण तिचा एक धागा थेट आपल्या मातीत आहे. मेरिल्स मरॉडर्स म्हणून पुढे ब्रह्मदेशच्या लढाईत गाजलेली सुमारे ३,००० जणांची अमेरिकी तुकडी ३१ ऑक्टोबर १९४३ रोजी मुंबईत उतरली, आधी देवळालीला गेली आणि मग मध्य भारतात देवगढला सरावासाठी हलली. सीबीआयचा पॅच ढालीच्या आकाराचा असतो. खाली तांबडे-पांढरे उभे पट्टे, वर निळ्यावर चीनचा सूर्य आणि भारताचा तारा. अमेरिकेत यंत्रावर विणलेले पॅच होतेच, पण इथे आलेल्या सैनिकांनी आपल्याकडच्या शिंप्यांकडून, जरीवाल्यांकडून हाताने भरलेलेही करून घेतले. कुणाचा सूर्य वाटोळा, कुणाचा जरा चपटा, कुठे जर, कुठे रेशीम, कुठे चामडं. एकासारखा दुसरा नाही. बनवणाऱ्याचं नाव कुठेच नाही, पण हात आपल्याच माणसाचा, हे मला या पॅचचं सगळ्यात मोठं अप्रूप वाटतं. मरॉडर्सचा स्वतःचा पॅच मात्र नवख्याने टाळावा. युद्धकाळात तो अधिकृत नव्हता आणि नंतर त्याच्या नकला भरपूर निघाल्या.

पॅच उलटा करून बघा

पुढची बाजू सगळेच बघतात. खरी माहिती मागे असते. युद्धकाळातल्या यंत्रावरच्या पॅचच्या पाठीवर बहुधा पांढऱ्या सुती धाग्यांचं मोकळं जाळं दिसतं आणि कडा नुसती कापलेली असते. कडेला दोरीसारखी जाड, गोल शिवण असेल तर तो पॅच साधारण १९६० च्या दशकातला किंवा त्यानंतरचा समजा.

मग अंधारात अतिनील टॉर्च मारा. आजच्या बहुतेक धाग्यांत चमक आणणारी रसायनं असतात, त्यामुळे ते निळसर-पांढरे उजळतात. जुना सुती धागा मंद राहतो. पण एवढ्यावरून निकाल देऊ नका. अस्सल जुना पॅच नंतर कधी आधुनिक पावडरीने धुतला असेल तर तोही उजळतो. म्हणून टॉर्च, पाठ, कडा आणि कापडाचा पोत यांची साक्ष एकमेकांशी जुळते का ते पाहा. धागा जाळून बघायचा सल्ला कुणी दिला तर ऐकू नका.

धातूच्या बिल्ल्यांतही पाठच बोलते. एन. एस. मेयर ही न्यूयॉर्कची नामांकित कंपनी. तिने युद्धकाळात बिल्ले बनवले आणि नंतरही बनवत राहिली. मागे '२२एम' असा संकेत असेल तर तो बिल्ला युद्धानंतरचा. नक्षी तंतोतंत जुनी असली तरी युद्धकाळातला म्हणून पैसे मोजू नका.

हेल्मेट घेताना

एम-१ हे पोलादी हेल्मेट १९४१ मध्ये अमेरिकी लष्कराने स्वीकारलं आणि १९८० च्या दशकापर्यंत ते वापरात होतं, त्यामुळे 'युद्धातलं हेल्मेट' म्हणून पुढे येणारी सगळीच त्या युद्धातली नसतात. हनुवटीचा पट्टा अडकवायच्या कड्या बघा. सुरुवातीच्या कड्या पक्क्या जोडलेल्या होत्या. त्या आपटून तुटायच्या, म्हणून १९४३ च्या अखेरीपासून हलत्या कड्या आल्या. काठाच्या पट्टीचा सांधा आधी पुढे, कपाळाच्या बाजूला असायचा. १९४४ च्या शेवटी तो मागे गेला. आतल्या बाजूला पुढच्या काठाजवळ पोलादाच्या खेपेचा ठोकलेला आकडा सापडतो. सेंट लुईसच्या श्लूटर कंपनीच्या हेल्मेटवर त्याबरोबर इंग्रजी 'एस' असतो. बाकीची बहुतेक डेट्रॉइटच्या मॅकॉर्डची.

हवाई छत्रीदलाचं चिन्ह रंगवलेलं हेल्मेट दिसलं की भिंग काढा. रंग ओरखड्यांच्या आत आणि गंजाच्या खड्ड्यांत उतरला आहे का? उतरला असेल तर आधी हेल्मेट जुनं झालं आणि मग कुणीतरी चिन्ह काढलं. अस्सल चिन्हावर ओरखडा रंगाला कापत जातो. विक्रेता नॉर्मंडीची, म्हणजे १९४४ मध्ये फ्रान्सच्या किनाऱ्यावर झालेल्या चढाईची, कहाणी कितीही रंगवून सांगो, कहाणीचे वेगळे पैसे द्यायचे नाहीत.

नाव शोधा

माझा सगळ्यात जास्त वेळ इथे जातो. जाड विणीच्या सुती पट्ट्यांवर, पिशव्यांवर, शर्टाच्या कॉलरमध्ये काळ्या शाईत एक अक्षर आणि चार आकडे दिसतात, समजा 'डी-२७१४'. हा धोब्याकडे कपडे हरवू नयेत म्हणून मारलेला शिक्का. आडनावाचं पहिलं अक्षर आणि लष्करी क्रमांकाचे शेवटचे चार आकडे. सोबत ओळखपट्टी असेल तर पूर्ण क्रमांकच हाती लागतो. शिपायाच्या आठ आकडी क्रमांकाची सुरुवात १ ने असेल तर तो स्वखुशीने भरती झालेला, २ असेल तर नॅशनल गार्डमधून आलेला, ३ असेल तर सक्तीच्या भरतीतला. पट्टीवर 'टी' पुढे धनुर्वाताच्या लशीचं वर्ष, मग रक्तगट आणि धर्माचं अक्षर असतं. १९४३ च्या मध्यापर्यंतच्या पट्ट्यांवर जवळच्या नातलगाचं नाव आणि पत्ताही असायचा. बायकोचं किंवा आईचं नाव पत्र्यावर उमटलेलं वाचताना मी दर वेळी थबकतो.

हा क्रमांक अमेरिकेच्या राष्ट्रीय अभिलेखागाराच्या संकेतस्थळावर भरतीच्या नोंदींत टाका. बऱ्याचदा जन्मवर्ष, राज्य, शिक्षण आणि आधीचा पेशा मिळतो. सविस्तर फाइल मिळेलच असं नाही. १२ जुलै १९७३ रोजी सेंट लुईसच्या अभिलेख केंद्राला आग लागली. १९१२ ते १९६० या काळात लष्करातून मोकळ्या झालेल्यांच्या सुमारे ८० टक्के फाइली त्यात गेल्या. अशा सैनिकाबाबतीत तुमच्या हातातला पट्टा हाच उरलेल्या थोड्या पुराव्यांपैकी एक असू शकतो. म्हणून एका माणसाच्या वस्तू एकत्र आल्या असतील तर त्या फोडून विकू नका आणि फोडणाऱ्याला उत्तेजनही देऊ नका.

घ्यायचं कुठे, घ्यायचं काय नाही

अमेरिकेतल्या लुईव्हिल शहराचा 'शो ऑफ शोज' हा लष्करी वस्तूंचा मोठा मेळा आहे. तिथे खरेदी नाही केली तरी चालेल, पण अस्सल माल हाताळा. बोटांना सवय झाली की फोटोवरून घेताना फसगत कमी होते. बिल्ल्यांच्या संग्राहकांची एएसएमआयसी ही संस्था १९३७ पासून चालू आहे. तिथली जुनी मंडळी नवख्याला मनापासून मदत करतात.

मेडल ऑफ ऑनर, म्हणजे अमेरिकेचं सर्वोच्च शौर्यपदक, विकणं-विकत घेणं तिथे गुन्हा आहे. युद्धात जखमी झालेल्यांना किंवा मारल्या गेलेल्यांना मिळणाऱ्या पर्पल हार्ट पदकाला बंदी नाही, पण मागे नाव कोरलेलं असेल तर आधी कुटुंबाचा शोध घ्यावा. 'पर्पल हार्ट्स रीयुनायटेड' ही संस्था तेच काम करते. यादवी युद्धाच्या रणभूमीवर धातुशोधक घेऊन जाऊ नका, संघराज्याच्या जमिनीतून पुरावशेष उकरणं कायद्याने दंडनीय आहे. जुन्या होकायंत्रांच्या, घड्याळांच्या चमकणाऱ्या आकड्यांत रेडियम असू शकतं, त्यांची काच उघडू नका. संगिनी, काडतुसं आणि 'रिकामे' हातबॉम्ब भारतात मागवण्याच्या भानगडीत पडू नका. कस्टम आणि शस्त्र कायदा दोन्ही आडवे येतात.

जपणूक

जाड विणीचे सुती पट्टे, पिशव्या धुवायच्या नाहीत, शाईचा शिक्का गेला की माणूस गेला. चामड्यावरचं पितळ कळकतं. तो हिरवा थर लाकडी काडीने अलगद काढा. चिंच, लिंबू, पॉलिश काही नको. लोकरी कोटाला कसर लागते, तो वर्षातून दोनदा तरी बाहेर काढून शिवणी तपासा. मुंबई-कोकणाच्या पावसाळ्यात डब्यात सिलिका जेल ठेवा आणि प्लॅस्टिकच्या पिशवीऐवजी आम्लरहित कागदात गुंडाळा.

प्रत्येक वस्तूसोबत पेन्सिलीने लिहिलेलं कार्ड ठेवा: कुठे, कधी, कितीला घेतली, विक्रेता काय म्हणाला आणि तुम्ही स्वतः काय पडताळलं. शेवटच्या दोन गोष्टी कार्डाच्या दोन वेगळ्या बाजूंना लिहा.