इंग्लंडला येणाऱ्या कोल्हापूरच्या पोरांसाठी: ऑइल हीटर कसा वापरायचा

सप्टेंबरला आपल्याकडची पोरं इकडं शिकायला येतात आणि नोव्हेंबर लागला की सगळ्यांचा एकच प्रश्न, दादा रूम गरम होईना, कुठला हीटर घेऊ. प्रत्येकाला तेच सांगावं लागतंय म्हणून लिहूनच टाकतो.

कोल्हापुरातनं हीटर आणू नका. आपला जाड पिनचा १६ अँपियरचा प्लग इथं बसत नाही आणि ट्रॅव्हल अडॅप्टर मोबाईल-लॅपटॉपसाठी असतो. इथंच घ्या. फॅनवाला स्वस्त मिळतो पण बंद केला की रूम लगेच गार, त्यामुळं रात्री अभ्यासाला बसणाऱ्यानं तेलाचा रेडिएटर, म्हणजेच ऑइल हीटर घ्यावा. त्यातलं तेल सीलबंद असतं, जळत नाही, भरावंही लागत नाही. कोर्स संपवून जाणारे सीनियर ग्रुपवर जुने हीटर विकतात, चांगली माणसं आहेत सगळी, पण घ्यायच्या आधी प्लग बघा, पिनांपाशी तपकिरी डाग असेल किंवा खाली तेल पाझरलेलं दिसलं तर फुकट दिला तरी घेऊ नका.

आता हे नीट वाचा. हीटर एक्स्टेंशन बोर्डाला लावायचा नाही. २००० वॉटचा हीटर २३० व्होल्टवर जवळजवळ ९ अँपियर ओढतो, तेही तासन्‌तास. घरी गीझरला वेगळा पॉइंट का काढतात ते आठवा. आमच्याच घरात राहिलेल्या एका पोरानं रिळावरची वायर न उलगडता कॉटखाली ठेवली आणि त्यावर हीटर चालवला, गुंडाळलेल्या वायरीची उष्णता जाणार कुठं, वायर वितळली, कार्पेट जळालं, घरमालकानं डिपॉझिटमधनं भरपूर पैसे कापले. वास वेळेत आला म्हणून पोरगं वाचलं. हे सगळं माहीत असून पुढच्या वर्षीची पोरं परत बोर्ड घेऊन येतात, तेव्हा खरंच जीव तुटतो. सॉकेट लांब असेल तर कॉट सरकवा, पण हीटर भिंतीतल्या सॉकेटलाच लावा. एका डबल सॉकेटला दोन हीटर पण नकोत.

इथल्या प्लगच्या आतच फ्यूज असतो. हीटरला १३ अँपियरचाच पाहिजे. आपल्याकडं किटकॅट फ्यूजला तार गुंडाळतात तसली कारागिरी इथं अजिबात नको.

चालू केल्यावर पहिला अर्धा तास धीर धरा, आधी तेल तापतं मग रूम. थर्मोस्टॅट, म्हणजे किती तापवायचं ते ठरवणारा नॉब, फुल केल्यानं लवकर तापत नाही. रूम बरी वाटली की नॉब हळूहळू मागं फिरवा, टिक्‌ असा आवाज आला की तिथंच सोडा, पुढं तो आपला आपण चालू-बंद होतो. टकटक आवाज म्हणजे पत्रा प्रसरण पावतोय, घाबरू नका. नवीन असताना थोडा वास येतो, खिडकी उघडा.

मधेच बंद पडला तर लगेच बिघडला म्हणू नका. बहुतेकदा त्यावर टॉवेल नाहीतर जीन्स वाळत घातलेली असते, म्हणून आतला कटआउट (जास्त तापल्यावर वीज तोडणारा स्विच) पडतो. प्लग काढा, अर्धा तास गार होऊ द्या, सरळ उभा आहे का बघा, मग लावा. परत पडला तर टाकून द्या, उघडू नका. आडवा तर कधीच चालवायचा नाही, आतला एलिमेंट तेलाबाहेर राहून तापतो. पडदा, पांघरूण तीन फूट लांब, आणि झोपताना बंद.

बिलाचं सांगतो. २००० वॉट सलग तासभर म्हणजे २ युनिट, आणि इथं युनिट साधारण २५ पेन्सच्या आसपास. गॅसचा युनिट त्याच्या चौथाईला पडतो, म्हणून घरात गॅसवरचं सेंट्रल हीटिंग (सगळं घर एकदम गरम करणारी सोय) असेल तर आधी ते चालवा. ते बंद असेल तर घरमालकाला फोन करून विनवण्या करत बसू नका, ईमेल टाका. इथं लेखी तक्रारीला किंमत आहे, आणि आपली पोरं नेमकी तिथंच लाजतात.