काळ्या दगडासाठी जॉ प्लेट: निवड, बसवणी आणि देखभाल

महाराष्ट्राच्या पठारावर खडी क्रशर चालवणाऱ्यांचा संबंध मुख्यतः काळ्या दगडाशी, म्हणजे बेसाल्टशी येतो. हा दगड घट्ट आणि चिवट असतो, पण त्यात मोकळी गारगोटी फारशी नसते. त्यामुळे क्रशरच्या जबड्यात (जॉमध्ये) दगड चिरडणाऱ्या जॉ प्लेटला मार भरपूर बसतो आणि घासणी त्यामानाने कमी होते. पूर्व विदर्भातील क्वार्टझाइट किंवा ग्रॅनाइटवर हेच प्रमाण उलटते आणि काळ्या दगडावर उत्तम चाललेली प्लेट तेथे फार लवकर संपते. म्हणून दुसऱ्याच्या प्लांटवर कोणती प्लेट किती दिवस टिकली, हे विचारण्याआधी त्याच्या खाणीत कोणता दगड निघतो, हे विचारावे.

जॉ प्लेट मँगनीज पोलादाची असते. शेफील्डच्या रॉबर्ट हॅडफिल्ड यांनी १८८२ मध्ये शोधलेल्या या पोलादात साधारण ११ ते १४ टक्के मँगनीज आणि १ टक्क्याहून थोडा अधिक कार्बन असतो. नवी प्लेट ब्रिनेल या कठीणपणाच्या मापात २०० च्या आसपास, म्हणजे बऱ्यापैकी मऊ असते; दगडाचा मार खाऊन तिचा वरचा थर ५०० ब्रिनेलपर्यंत कठीण होतो आणि आतला गाभा चिवटच राहतो. हा गुण मार बसला तरच प्रकट होतो. प्रायमरी, म्हणजे पहिल्या टप्प्याच्या जॉमध्ये मोठे डबर पडते, तेव्हा प्लेट चांगली तापते, असे आमचे फिटर म्हणतात. त्यांचा अर्थ ती कठीण होते असा असतो. बारीक माल घेणाऱ्या सेकंडरी जॉमध्ये मात्र मार कमी आणि घासणी जास्त असल्याने तेच पोलाद मऊपणीच झिजून जाते. अशा ठिकाणी, किंवा जाड प्लेटसाठी, १८ टक्के मँगनीज आणि २ टक्क्यांच्या आसपास क्रोमियम असलेले कास्टिंग मागवावे. प्रायमरीत साध्या प्लेटचे आयुष्य समाधानकारक असेल, तर केवळ टक्केवारी मोठी दिसते म्हणून जादा पैसे मोजण्याची गरज नाही.

दर किलोवर सांगितला जातो आणि फसगत नेमकी तेथेच होते. समजा, ४०० किलोची एक प्लेट १८० रुपये किलोने ७२,००० रुपयांना पडली आणि तिने ६,००० ब्रास खडी काढली, तर ब्रासमागे १२ रुपये खर्च आला. दुसरी २२० रुपये किलोने ८८,००० रुपयांना घेतली आणि तिने ९,००० ब्रास काढले, तर हाच खर्च १० रुपयांच्या आत येतो. शिवाय प्लेट बदलण्यासाठी प्लांट बंद ठेवण्याच्या वेळाही कमी होतात. हा हिशेब मांडायचा असेल, तर प्लेट चढवल्याची तारीख, उलटवल्याची तारीख आणि त्या काळातील ब्रास वहीत नोंदलेले असले पाहिजेत.

माल आल्यावर टेम्पो रिकामा करण्याआधी काही गोष्टी तपासाव्यात. नीट उष्णता-प्रक्रिया झालेले मँगनीज पोलाद चुंबकाला चिकटत नाही. मात्र ओतीव पृष्ठभागाच्या पातळ थरातील कार्बन आणि मँगनीज कमी झालेले असतात, त्यामुळे तेथे चुंबक किंचित धरतो. एका कोपऱ्यात ग्राइंडरने दोन-तीन मिलिमीटर खरवडून मगच चुंबक लावावा. तेथेही तो घट्ट बसला, तर माल उतरवून घेऊ नये. नंतर पाठीवर सरळ पट्टी ठेवून बाक आहे का ते पाहावे आणि प्रत्येक प्लेटचे वजन काट्यावर करावे.

बसवणीतील चुकांचे खापर बहुधा कास्टिंगवर फुटते. प्लेट पाठीमागे सर्वत्र टेकली नाही, तर ती प्रत्येक घावागणिक हलते आणि तडकते. जुनी प्लेट काढल्यावर तिची पाठ जरूर पाहावी: जेथे ती आरशासारखी चमकते, तेथे ती हलत होती. जॉच्या बैठकीवर साचलेली भुकटी, वेल्डिंगचे थेंब आणि गंज तारेच्या ब्रशने पूर्ण काढावा. एका प्लांटवर सहा आठवड्यांत दोन प्लेट तुटल्या, तेव्हा पुरवठादाराशी भांडण झाले होते. नंतर बैठकीच्या मधोमध वेल्डिंगची एक गाठ सापडली, जेमतेम बोराएवढी. प्लेट जागी धरणाऱ्या पाचरींचे बोल्ट (वेज बोल्ट) कसल्यावर मशीन आठ-दहा तास चालवून ते पुन्हा कसावेत, कारण प्लेट बसत जाते तसे बोल्ट ढिले पडतात. मार खाऊन मँगनीज कडेला पसरते. ती पसरलेली ओठी चीक प्लेटला, म्हणजे जॉच्या बाजूच्या प्लेटला, भिडण्याआधी ग्राइंडरने काढावी.

झीज वरपासून खालपर्यंत सारखी होत नाही. तोंडाच्या खालच्या भागात दगड अधिक वेळा दाबला जातो, म्हणून दात आधी तेथे संपतात. खालचे दात निम्मे झिजले की प्लेट उलटावी, म्हणजे खालचे टोक वर करावे. पूर्ण सपाट होईपर्यंत थांबले, तर खडी चपटी निघू लागते. एकाच बाजूला झीज जास्त दिसली, तर दोष माल पुरवणाऱ्या फीडरचा आहे: माल तोंडाच्या पूर्ण रुंदीवर पसरून पडत नाही. तोंडाशी दोन जॉ प्लेटमध्ये जितके अंतर असते, त्याच्या ८० टक्क्यांहून मोठे डबर आत जाऊ देऊ नये. पावसाळ्यात ओला मुरूम खाली दाबून बसतो आणि दगडाऐवजी मातीची वीटच दाबली जाते. फीडरच्या ग्रिझलीतून, म्हणजे सळयांच्या चाळणीतून, तो आधीच वगळावा.

मँगनीजला गॅसकटरचा विस्तव सहन होत नाही. सुमारे ३०० अंश सेल्सिअसच्या पुढे तापले की ते ठिसूळ होते, म्हणून उचलण्यासाठी प्लेटवर कडी वेल्ड करणे किंवा अडकलेली पाचर गॅसने कापणे टाळावे. घण मारतानाही कठीण झालेल्या कडेवर मारू नये. उडालेली कपची गोळीसारखी लागते. प्लेटपाशी उतरण्यापूर्वी मेन स्विचला कुलूप लावून किल्ली खिशात ठेवावी, फ्लायव्हील अडवावे आणि वर लटकलेला दगड काढून टाकावा.

हलत्या जॉला मागून आधार देणारी टॉगल प्लेट मुद्दाम कमजोर केलेली असते. आत लोखंड अडकले की ती तुटते आणि पिटमन, म्हणजे हलत्या जॉचा मुख्य भाग, वाचतो. तुटलेली टॉगल वेल्ड करून जाडजूड बनवणाऱ्यांना पुढच्या वेळी बेअरिंगचे बिल येते.

पुढच्या टप्प्यात शंकूने दगड चिरडणारा कोन क्रशर असेल, तर आणखी एक काळजी हवी. तुटलेल्या जॉ प्लेटचा तुकडा मँगनीजचाच असल्याने पट्ट्यावरच्या चुंबकाच्या हाती लागत नाही. तो पकडायला मेटल डिटेक्टरच लागतो. कोनचे मँटल (आतले आवरण) आणि कॉन्केव्ह (बाहेरचे आवरण) जोडीनेच बदलावेत, त्यांच्यामागे भरलेले इपॉक्सी पूर्ण सुकू द्यावे आणि माल चेंबर भरून, चारही बाजूंनी सारखा द्यावा. सेटिंग, म्हणजे त्या दोघांमधली फट, पाहण्यासाठी रिकाम्या चालत्या कोनमध्ये तारेला बांधलेला शिशाचा गोळा बाहेरच्या प्लॅटफॉर्मवरून सोडतात आणि दबून आलेली जाडी मोजतात. चारही बाजूंना मोजल्याशिवाय एका आकड्यावर भरवसा ठेवू नये.

उतरलेली प्लेट भंगारात देताना तिचेही वजन करावे. ४०० किलोची प्लेट २८० किलोवर उतरवली असेल, तर दगडासाठी १२० किलोच वापरले गेले आणि बाकीचे पोलाद भंगाराच्या भावाने गेले. पुढची ऑर्डर देताना दातांचा आकार आणि उलटण्याची वेळ बदलून हा आकडा वाढतो का, ते वहीत पाहता येते.