कूलर घेण्याआधी छपराकडं पाहा

मार्च लागला की आपल्याकडं घरोघरी एकच विषय, यंदा कूलर नवीन घ्यायचा का जुन्यालाच ताट्या (बाजूला लावायच्या गवताच्या जाळ्या) बदलायच्या. माझं म्हणणं असं की त्याच्या आधी वर छपराकडं पाहा, कारण टिनाच्या किंवा स्लॅबच्या घरात दुपारची जी भट्टी होते ती मुख्य छपरातून खाली येते, खिडकीतून कमी. एप्रिल-मे मधे अकोला, चंद्रपूर, ब्रम्हपुरी इकडं पारा ४५ च्या वर जाणं काही नवीन नाही, आणि स्लॅब तर दिवसभर ऊन पिऊन ते रात्री बारा-एक वाजेपर्यंत खाली सोडत राहते, म्हणून बाहेर हवा गार झाली तरी घरात झोप लागत नाही. ते ऊन वरच्यावर अडवलं तर निम्मं काम तिथंच होऊन जाते, मंग साधा पंखा पण पुरतो बरेचदा.

ज्यांचा स्लॅब आहे त्यांच्यासाठी सगळ्यात स्वस्त उपाय म्हणजे चुना. होळी झाली की लगेच करा, मे ची वाट नका पाहू. चुन्याची कळी, म्हणजे न विझवलेल्या चुन्याचे खडे आणा, तयार पुडी नको, आणि लोखंडी ड्रममधे आधी पाणी घेऊन त्यात कळी थोडी थोडी टाका, कळीवर पाणी ओतू नका कारण ती एकदम उकळते आणि अंगावर उडते. प्लास्टिकची बादली तर वापरूच नका. लेकरं दूर ठेवा, डोळ्यात चुना गेला तर फार वाईट, गेलाच तर लगेच भरपूर पाण्यानं धुवा आणि दवाखान्यात न्या. रातभर भिजू द्या, दुसऱ्या दिवशी जुन्या धोतराच्या कापडानं गाळा आणि त्यात थोडं फेविकॉल किंवा भिजवलेला डिंक मिसळा म्हणजे वाऱ्यानं भुकटी उडत नाही. स्लॅब झाडून, धुवून घ्या, शेवाळ काळं असेल तर ताराच्या ब्रशनं घासा, नाहीतर चुना धरत नाही. पहिला हात ताकासारखा पातळ, वाळला की दुसरा थोडा घट्ट, जमलं तर तिसरा. काम संध्याकाळी करा, तापल्या स्लॅबवर चुना लागल्या लागल्या वाळते आणि पापुद्रे सुटतात. पावसाळ्यात तो धुवून जाईल, जाऊ द्या, तोवर त्याचं काम झालेलं असते. फक्त छतावरचं पाणी टाक्यात किंवा विहिरीत सोडत असाल तर पहिले दोन-तीन पाऊस बाहेर जाऊ द्या.

टिनावर मात्र हाच चुना लावू नका. खूप जण लावतात, पण एक तर तो टिकत नाही आणि दुसरं म्हणजे टिनावरचा जस्ताचा थर चुन्यानं खराब होऊन पुढं गंज लागतो. टिनाला बाहेरून लावायचा पांढरा पेंट घ्या, थोडा महाग पडते पण दोन-तीन उन्हाळे जातो.

टिनाच्या घराला खरा उपाय सावलीच आहे, आणि ती आपल्या वावरात फुकट पडलेली असते. तूर निघाली की तुराट्या कायले बांधावर पेटवून देता? त्या घरी आणा. टिनापासून फूट-दीड फूट उंच बल्ल्यांचा मांडव करा आणि त्यावर तुराट्या पसरा, एक थर आडवा एक उभा, वर वारा उडवून नेऊ नये म्हणून बांबू ठेवून सुतळीनं आवळून टाका. तुराट्या सरळ टिनावर ठेवू नका, मधली मोकळी जागाच खरं काम करते, तिथून वारा खेळला की टिन तापत नाही. शिवाय टेकलेल्या तुराट्यांत उंदीर येतात आणि उंदरांच्या मागं साप.

इथं एक गोष्ट पक्की लक्षात ठेवजा, पऱ्हाट्या, म्हणजे कापूस वेचून झाल्यावर उरलेली कपाशीची वाळलेली झाडं, या कामाला आणू नका. वाळलेल्या पऱ्हाटीवर जी कवडी, म्हणजे नीट न उमललेली किडकी बोंडं राहतात त्यात गुलाबी बोंडअळी दडून बसते आणि पुढच्या हंगामात तुमच्याच कपाशीवर येते. २०१७ साली या अळीनं आपल्या विदर्भाची काय गत केली ते कोणी विसरलं नाही. पऱ्हाटीचा श्रेडरनं भुगा करून वावरातच कुजवा, घराजवळ तिचा ढीग नको.

आणि आगीचं सांभाळा. चुलीचं धुराडं जिथं निघते त्याच्या आजूबाजूला तुराट्या नको, विजेची तार वरून जात असेल तर अजिबात मांडव करू नका, तिथं हिरवी शेडनेट लावून भागवा, तीही तारेपासून दूर. घरात खालून थर्माकोल लावायची फॅशन आली आहे, मला ती पसंत नाही, आग धरली तर तो वितळून अंगावर पडते आणि धूर घातक असते. त्यापेक्षा बुरडाकडून बांबूचे तट्टे विणून घ्या आणि टिनाखाली थोडी जागा सोडून बांधा. भिंतीजवळ वर दोन्ही बाजूनं हवा निघायला फट ठेवा. आपल्या गावच्या माणसाच्या हाताला काम मिळते ते वेगळंच.

पश्चिमेची भिंत राहिली. दुपारी तीन नंतर तीच तापते. तिच्यापासून थोडं लांब कडुलिंब लावा, आणि झाड मोठं होईस्तोवर त्या बाजूला मांडव घालून दोडका, वाल असं काही चढवा, आंघोळीचं पाणी त्याच आळ्यात सोडा. खिडक्या सकाळी नऊच्या आत बंद आणि जाड पडदा, सूर्य बुडाला की सगळ्या उघड्या. एवढं साधं आहे पण लोक दुपारी हवा यावी म्हणून खिडकी उघडतात आणि लू घरात घेतात. भर दुपारी स्लॅबवर बादल्या ओतणं पण सोडा, पाणी वाया जाते आणि तापलेल्या स्लॅबला भेगा जायची भीती. ओतायचंच असेल तर संध्याकाळी बारदाना पसरून तो भिजवा, थोडं पाणी लय वेळ पुरते.

आता कूलर. आपली उन्हाळ्याची हवा कोरडी असते म्हणून कूलर इकडं एवढा चालतो, आणि पाऊस सुरू झाला की तोच कूलर नुसता घाम काढते. कूलर लावला की समोरची खिडकी थोडी उघडी पाहिजेच, बंद खोलीत ओल साचते आणि गारवा जातो. ताट्या वाळ्याच्या मिळाल्या तर घ्या, लाकडाच्या भुशापेक्षा जास्त टिकतात आणि वास चांगला. हप्त्यातून एक दिवस टाकी पूर्ण रिकामी करून घासून कोरडी करा, नुसतं पाणी बदलून भागत नाही कारण डेंग्यूच्या मच्छराची अंडी टाकीच्या कडेला चिकटून राहतात. टिनाच्या कूलरला अर्थिंग नसेल तर तो चालूच करू नका. पाणी टाकताना प्लग काढा, नुसतं बटन बंद नाही, आणि ओल्या हातानं, अनवाणी हात लावू नका, दरवर्षी आपल्या भागात कूलरच्या शॉकनं माणसं जातात, लेकरं जातात. घरातल्या प्रत्येकाला हे सांगून ठेवा.

नवतपा, म्हणजे सगळ्यात कडक उन्हाचे नऊ दिवस, २५ मे च्या आसपास लागते, तेव्हा सगळ्यात जास्त कस लागतो, त्याआधी एकदा मांडवाच्या सुतळ्या तपासून घ्या कारण वादळं त्याच दिवसांत येतात. मृग लागायच्या आत तुराट्या उतरवा, भिजल्या तर कुजतात आणि वजनानं मांडव खाली येतो. उतरवलेल्या तुराट्या ढाळजेत किंवा गोठ्याच्या माळ्यावर कोरड्या ठेवा, पावसाळाभर चुलीला सरपण होते.