आफ्रिकेहून परतल्यावर ताप आला तर

बडोद्याहून केनिया, टांझानिया किंवा युगांडाला सहलीसाठी अथवा नातलगांकडे जाणारी कुटुंबे पीतज्वराची लस आठवणीने घेतात, कारण तिचा दाखला मागितला जातो. हिवतापाबाबत, म्हणजेच मलेरियाबाबत, कोणीच काही विचारत नाही, म्हणून त्याची तयारी राहून जाते. पीतज्वराच्या लसीने हिवताप टळत नाही. लहानपणी बडोद्यात मलेरिया होऊन गेला असला, तरी त्या आधारावर निर्धास्त राहू नये. आफ्रिकेत प्रामुख्याने आढळणारा फाल्सिपारम हा परजीवी सर्वांत घातक आहे.

निघण्यापूर्वी ३-४ आठवडे प्रवासाचा संपूर्ण मार्ग डॉक्टरांना दाखवावा. नैरोबी उंचावर असल्याने तेथे धोका कमी आहे, परंतु मोम्बासाचा किनारा आणि व्हिक्टोरिया सरोवराकाठचे किसुमू येथे तो बराच अधिक आहे. वय, गर्भारपण आणि मूत्रपिंडाचे विकार लक्षात घेऊन हिवताप टाळण्याचे औषध ठरवले जाते. ॲटोव्हाकोन-प्रोग्वानिल यकृतातील परजीवींवरही परिणाम करते, त्यामुळे ते परतल्यावर ७ दिवस पुरते. डॉक्सिसायक्लिन मुख्यतः रक्तातील परजीवींवर काम करत असल्याने ४ आठवडे घ्यावे लागते. घरी पोहोचताच गोळ्या बंद करणे ही माझ्या मते सर्वांत धोक्याची चूक आहे. संध्याकाळपासून पहाटेपर्यंत अंगभर कपडे, डीट हे डासांना दूर ठेवणारे रसायन असलेले मलम आणि मच्छरदाणी यांत हयगय करू नये, कारण कोणतीही गोळी पूर्ण हमी देत नाही.

परतल्यानंतर ३ महिन्यांच्या आत ताप आला, तर गोळ्या नियमित घेतल्या असल्या तरी त्याच दिवशी रक्त तपासून घ्यावे आणि डॉक्टरांना पहिल्याच वाक्यात देशाचे नाव सांगावे. पावसाळ्यात आपल्याकडे तापाचा रुग्ण आला की डेंग्यू किंवा टायफॉइडचा विचार आधी होतो, आणि प्रवासाचा उल्लेख झाला नाही तर मोलाचे दिवस वाया जातात. फाल्सिपारम एक-दोन दिवसांत मेंदू व मूत्रपिंडापर्यंत पोहोचू शकतो. थंडी वाजून येण्याची वाट पाहू नये. पहिल्या तपासणीत काही आढळले नाही, तर १२ ते २४ तासांच्या अंतराने ती पुन्हा करावी. अशा तीन तपासण्या झाल्याशिवाय हिवताप नाही असे धरू नये. परजीवींचा काही प्रकार यकृतात दडून राहून कित्येक महिन्यांनीही डोके वर काढतो, म्हणून पुढील वर्षभर तापाच्या वेळी हा प्रवास सांगत राहावा.

व्हिक्टोरिया किंवा मलावी सरोवरात पोहणे टाळावे. तेथील गोगलगायींतून बाहेर पडणाऱ्या, बिल्हार्झिया हा रोग घडवणाऱ्या परजीवी कृमींच्या अळ्या अखंड त्वचेतूनही शरीरात शिरतात. भारतात हा रोग अत्यंत दुर्मीळ आहे. रत्नागिरी जिल्ह्यातील गिमवी येथे १९५२ साली त्याचे एक लहान केंद्र नोंदले गेले होते. त्यामुळे येथील डॉक्टरांना तो सहजी सुचेल अशी अपेक्षा ठेवू नये. पाण्यात उतरणे झालेच असेल, तर त्रास नसला तरी ६ ते ८ आठवड्यांनंतर रक्त, लघवी व शौचाची तपासणी करून घ्यावी. निदान झाल्यास प्राझिक्वांटेल हे परिणामकारक औषध उपलब्ध आहे.