रेड डॉट बसवलेलं फुल-साइज पिस्तूल कसं पारखावं

ह्यूस्टनमधल्या माझ्या ओळखीतले काही जण पिस्तूल घ्यायच्या आधी मला फोन करतात. बहुतेकांची निवड झालेली असते: पूर्ण आकाराचं ९ मिमी पिस्तूल, वर रेड डॉट, म्हणजे काचेत लाल ठिपका दाखवणारी नेम धरायची साइट. प्रश्न एकच असतो, "काका, हे चांगलं आहे का?" मी त्यांना सांगतो की तुम्ही एका वस्तूबद्दल विचारताय, पण हातात तीन आहेत. पिस्तूल, डॉट, आणि दोघांना धरून ठेवणारी प्लेट व तिचे स्क्रू. तिन्हींची परीक्षा वेगवेगळी घ्या. मी आधी भोसरीत आणि मग इथे मशीन शॉपमध्ये तपासणीचं काम केलं. जोडणीतला दोष सुट्या भागाच्या माथी मारला जातो, हे तिथे रोज दिसायचं. रेंजवरही तेच दिसतं. गोळ्या पसरल्या की लोक बॅरलला नावं ठेवतात, आणि सैल असतो तो स्क्रू.

त्याआधी कायद्याचं बोलू, कारण आपल्या लोकांना हे दुकानात कोणी नीट सांगत नाही. तुम्ही एच-वन-बी किंवा विद्यार्थी व्हिसावर असाल, तर अमेरिकेचा फेडरल कायदा तुम्हाला सर्वसाधारणपणे बंदूक आणि काडतुसं जवळ बाळगू देत नाही. वैध शिकार परवान्यासारखे मोजके अपवाद आहेत. रेंजवर भाड्यानं घेतलेलं पिस्तूलही यातच मोडतं. म्हणून मित्राच्या हातातलं घेऊन "दोनच गोळ्या मारून बघतो" असंही करू नका. ग्रीन कार्ड किंवा नागरिकत्व असेल आणि वयाची २१ वर्षं पूर्ण असतील, तर परवानाधारक दुकानात फॉर्म ४४७३ (बंदूक खरेदीचा फेडरल अर्ज) भरून पुढे जाता येतं. टेक्सासमध्ये खरेदीसाठी राज्याचा वेगळा परवाना लागत नाही. न्यू जर्सीत मात्र हँडगन घ्यायला परवाना काढावा लागतो आणि १० गोळ्यांहून मोठं मॅगझिन चालत नाही. भारतात ९ मिमी हा सामान्य नागरिकासाठी निषिद्ध बोअर (नळीचं माप) आहे, त्यामुळे पुढचं सगळं अमेरिकेपुरतंच समजा.

बोलायला सोपं जावं म्हणून एक जोडी समोर ठेवतो: ग्लॉक १७ जेन ५ (पाचवी पिढी) एमओएस हे पिस्तूल, आणि त्यावर ट्रिजिकॉन कंपनीचा आरएमआर टाइप २ हा डॉट. ग्लॉक १७ ऑस्ट्रियाच्या सैन्यानं १९८२ मध्ये स्वीकारलं. त्याची बॅरल ११४ मिमी, मॅगझिनमध्ये १७ गोळ्या, आणि मॅगझिन काढल्यावर वजन साधारण ६३० ग्रॅम. स्लाइडवर, म्हणजे वरच्या मागे-पुढे सरकणाऱ्या भागावर, डॉटसारख्या ऑप्टिकसाठी खाच पाडून मिळते ती या एमओएस मॉडेलमध्ये. तुमची जोडी वेगळी असली तरी पारखायची रीत हीच.

आता एक मुद्दा जो मला फार महत्त्वाचा वाटतो. लोखंडी साइटच्या (नेम धरायच्या धातूच्या खुणांच्या) जमान्यात लांब पिस्तुलाचा मोठा फायदा म्हणजे पुढच्या आणि मागच्या साइटमधलं अंतर. ते जितकं जास्त, तितका नेम काटेकोर. आपल्या राही सरनोबतनं २०१८ च्या आशियाई स्पर्धेत २५ मीटर पिस्तूल प्रकारात सुवर्ण मिळवलं ते उघड्या साइटवर, कारण त्या प्रकारात ऑप्टिकला परवानगीच नाही. डॉट लावला की हे अंतर निरर्थक होतं. ठिपका एकच, तो लक्ष्यावर ठेवायचा. मग मोठं पिस्तूल घ्यायचं कशासाठी? पूर्ण पंजा बसेल अशा मुठीसाठी, आणि झटका पचवणाऱ्या वजनासाठी. म्हणजे पारखायची पहिली गोष्ट मूठ. बॅरलची लांबी कागदावर वाचत बसू नका.

दुकानात मॅगझिन काढा, स्लाइड मागे अडकवा, चेंबरमध्ये डोळ्यांनी पाहा आणि बोट घालून खात्री करा. विक्रेत्यानं तपासून दिलं असलं तरी स्वतः तपासा. नळी कुठल्या दिशेला धरायची ते त्याला विचारा. मग पिस्तूल छातीपाशी दोन्ही हातांत धरा, समोरच्या भिंतीवर एक ठिकाण हेरा, डोळे मिटा, हात सरळ पुढे न्या आणि डोळे उघडा. डॉट काचेत दिसला का? दहा-बारा वेळा करा. दर वेळी डॉट काचेच्या वरून निसटत असेल, तर त्या मुठीचा कोन तुमच्या मनगटाला मानवत नाही. ग्लॉकची मूठ १९११ जातीच्या पिस्तुलापेक्षा जास्त तिरकी आहे. १९११ ची सवय असलेल्याच्या हातात ती नळी वर उचलून धरते. लोखंडी साइट असती तर डोळ्याला पुढची साइट दिसून मनगट आपोआप सावरलं असतं. डॉटमध्ये तसा मार्ग दाखवणारं काही नसतं, काच नुसती रिकामी दिसते. मुठीच्या मागच्या बदलत्या पट्ट्या लावून पुन्हा करून बघा. जेन ५ सोबत त्या येतात. सरावानं हे सुधारतं, पण दोन पिस्तुलांतून एक निवडायचं असेल तर ज्यात डॉट आपणहून समोर येतो ते घ्या. चाप ओढून बघायला आधी परवानगी घ्या.

डॉट पारखायला डोळ्यांपासून सुरुवात करा. चाळिशी लागलेल्यांसाठी हे वरदान आहे, कारण नजर पुढच्या साइटवर आणावी लागत नाही, लक्ष्यावरच ठेवायची असते. पण दृष्टिवैषम्य (ॲस्टिग्मॅटिझम) असेल तर गोल ठिपक्याऐवजी चांदणी, स्वल्पविराम किंवा द्राक्षाचा घोस दिसेल. लोक लगेच काच सदोष म्हणून परत करतात. तसं करण्याआधी फोनच्या कॅमेऱ्यानं काचेतून फोटो काढा. फोटोत ठिपका स्वच्छ गोल आला, तर दोष डोळ्याचा. चष्मा घालून बघा, प्रकाश दोन पायऱ्या कमी करून बघा, किंवा ठिपक्याभोवती वर्तुळ असलेला नमुना बघा. होलोसन कंपनीच्या ५०७सी डॉटमध्ये २ एमओएचा ठिपका आणि ३२ एमओएचं वर्तुळ मिळतं (एमओए हे कोनाचं माप, हिशेब पुढे देतो). ते वर्तुळ वैषम्य असलेल्या बऱ्याच जणांना सुसह्य वाटतं.

ठिपक्याच्या आकाराचा हिशेब सोपा आहे. १ एमओए म्हणजे १०० यार्डांवर साधारण १ इंच, २५ यार्डांवर पाव इंच. आरएमआर १, ३.२५ आणि ६.५ एमओए अशा तीन ठिपक्यांत मिळतो. ३.२५ चा ठिपका २५ यार्डांवर पाऊण इंचाहून थोडं जास्त झाकतो. पहिल्या खरेदीला मी मधला सुचवतो. १ चा ठिपका घाईत सापडत नाही, ६.५ चा लांबवर लक्ष्य झाकतो.

'ऑटो' प्रकाशाची परीक्षा जरूर घ्या. अंधाऱ्या खोलीत उभं राहून खिडकीबाहेरच्या उन्हाकडे नेम धरा. सेन्सर तुमच्या जागेचा उजेड मोजतो, लक्ष्याचा नाही, त्यामुळे ठिपका मंद होऊन उन्हात विरघळतो. मी ऑटो बंदच ठेवतो. बॅटरी कुठून बदलते तेही पाहा. आरएमआरची सीआर२०३२ खालून बसते, म्हणजे बॅटरी बदलायची तर डॉट उतरवावा लागतो आणि नंतर झिरो, म्हणजे ठिपका आणि गोळी एकाच जागी लागण्याची जुळणी, पुन्हा तपासावा लागतो. ५०७सी मध्ये बाजूला कप्पा आहे.

आता जोडणी. इथे सगळ्यात जास्त वेळ द्या. प्लेट कुठल्या डॉटसाठी आहे ते तिच्यावरचा क्रमांक सांगतो. ग्लॉकच्या संचातली ०२ क्रमांकाची आरएमआरसाठी. प्लेट स्लाइडच्या खाचेत ठेवा आणि स्क्रू न लावता बोटानं पुढे-मागे ढकला. मग डॉट प्लेटवर ठेवून तेच करा. थोडी हालचाल असतेच, पण खडखड वाजत असेल तर प्रत्येक गोळीचा धक्का स्क्रूवर येणार, हे धरून चाला. खाचेत घट्ट बसणाऱ्या पोलादी प्लेटा वेगळ्या विकत मिळतात. गंभीरपणे वापरणार असाल तर तो खर्च करा.

स्क्रूची लांबी हा तर घात करणारा विषय. ग्लॉकमध्ये एक्स्ट्रॅक्टरला (पुंगळी ओढून काढणाऱ्या आकड्याला) रेटणारी दांडी स्लाइडच्या उजव्या बाजूच्या भोकातून जाते, आणि त्याच बाजूचा स्क्रू लांब असला तर तिच्यावर टेकतो. पिस्तूल बाहेरून ठीक दिसतं, पण रिकामी पुंगळी नीट बाहेर फेकत नाही. म्हणून डॉट बसवल्यावर डमी काडतुसं भरून स्लाइड हातानं ओढा आणि प्रत्येक काडतूस जोरात बाहेर पडतंय का ते बघा. डॉट काढून पुन्हा तेच करा. फरक दिसला की स्क्रू लांब आहे.

स्क्रूचे आटे तेलविरहित करा, निळा थ्रेडलॉकर (आटे धरून ठेवणारा डिंक) थेंबभर लावा, आणि टॉर्क ड्रायव्हरनं, म्हणजे ठरलेल्या जोरापर्यंतच पिळणाऱ्या पेचकसानं, आवळा. आरएमआरसाठी कंपनी १२ इंच-पाउंड सांगते. हाताच्या अंदाजानं आवळू नका. एवढे बारीक स्क्रू तुटायला मनगटाचा एक जास्तीचा पीळ पुरतो. थ्रेडलॉकरला रात्रभर सुकू द्या. मग स्क्रूच्या डोक्यावरून बाजूच्या धातूवर जाईल अशी पेंट मार्करची एक सरळ रेघ ओढा. पुढे कधीही रेघ तुटलेली दिसली की स्क्रू फिरला. दुकानातून तयार जोडलेलं पिस्तूल घेत असाल तर हे सगळं उलगडून पुन्हा करा.

रेंजवर पहिलं काम झिरो. इनडोअर रेंजवर कानात प्लग आणि वर मफ, दोन्ही घाला. ९ मिमीचा आवाज १६० डेसिबलच्या घरात जातो. पिस्तूल वाळूच्या पिशवीवर टेकवा. आधी १० यार्डांवर कागदावर आणा, मग २५ वर पाच गोळ्यांचे तीन ग्रुप (एकाच नेमावर मारलेले पुंजके) मारा. एका गोळीवरून डॉट फिरवू नका, ग्रुपचा मध्य धरा. तो २५ यार्डांवर २ इंच डावीकडे असेल तर आरएमआरच्या जुळणीच्या स्क्रूला ८ क्लिक, कारण त्याची एक क्लिक १ एमओएची. तीच चूक १० यार्डांवर असेल तर साधारण २० क्लिक लागतील. टेकवून मारलेला ग्रुप २५ यार्डांवर ३ इंचांत आला तर अशा पिस्तुलाबद्दल मी समाधानी असतो. नंतर ३ यार्डांवर मारून बघा: गोळी ठिपक्याच्या साधारण इंचभर खाली लागेल, कारण डॉट नळीच्या वर बसलेला आहे. तो दोष नव्हे.

मग पिस्तुलाची पचनशक्ती. डॉटचं वजन स्लाइडवर चढलेलं असतं, त्यामुळे हलक्या भाराच्या काडतुसांवर स्लाइड पूर्ण मागे जाते का हे पाहावं लागतं. ११५ ग्रेन, १२४ आणि १४७ (ग्रेन हे गोळीच्या वजनाचं माप), तिन्ही आणा. दोनेकशे गोळ्या तरी मारा, त्यात स्वस्त ११५ ग्रेनची एक पेटी असू द्या. पुंगळ्या कुठे पडतात, काचेवर आपटतात का, शेवटच्या गोळीनंतर स्लाइड मागे अडकते का, हे लिहून ठेवा. गोळी मारताना डॉटकडेही लक्ष द्या. तो सरळ वर जाऊन त्याच वाटेनं खाली यायला हवा. तिरका उडत असेल तर आधी पकड बदलून बघा आणि एकदा दुसऱ्या नेमबाजाला मारायला द्या. त्याच्या हातात सरळ जात असेल तर पिस्तूल निर्दोष.

दोनशे गोळ्यांनंतर पुन्हा २५ यार्डांवर टेकवून पाच-पाचचे ग्रुप. मध्य जागेवरच असेल तर जोडणी पास. सरकला असेल तर रेघ बघा. रेघ शाबूत आणि झिरो सरकलेला, तर प्लेट खाचेत हलतेय किंवा डॉट आतून गेलाय. तोच डॉट दुसऱ्या स्लाइडवर लावून कोणता भाग ते ठरवा, आणि तेवढाच बदला.

राहिली पावसाची गोष्ट. आरएमआर, ५०७सी हे उघडे डॉट आहेत. मागच्या बाजूचा बारीक दिवा समोरच्या काचेवर प्रकाश टाकतो. त्या दिव्यावर पाण्याचा एक थेंब किंवा कपड्याचा धागा बसला तर ठिपका फुटतो किंवा गायब होतो. पिस्तूल रिकामं करून थेंब टाकून स्वतः बघा. पावसात, धुळीत वापर असेल तर एमपॉइंट ॲक्रोसारखा बंदिस्त डॉट घ्या, काच दोन्ही बाजूंनी असल्यानं दिवा झाकलेला राहतो. आणि डॉट बंद करून ७ यार्डांवर दहा गोळ्या मारा. ग्लॉकच्या मूळ साइट या काचेतून दिसत नाहीत इतक्या बुटक्या असतात, म्हणून उंच लोखंडी साइट बसवून घ्या. बॅटरी मी दर दिवाळीला बदलतो आणि त्याच आठवड्यात रेंजवर जाऊन २५ यार्डांचा एक ग्रुप मारून येतो.