न्यूट्रॉन ताऱ्यांच्या टकरीतून द्रव्याचा ताठपणा कसा काढावा

जळगाव, धुळे किंवा नंदुरबारच्या कॉलेजात बी.एस्सी.ला भौतिकशास्त्र घेतलेल्या विद्यार्थ्याला हे काम साध्या लॅपटॉपवर जमते. दोन न्यूट्रॉन तारे, म्हणजे संपलेल्या ताऱ्यांचे अतिघट्ट गाभे, आदळून निघालेल्या आणि 17 ऑगस्ट 2017 रोजी टिपलेल्या जीडब्ल्यू170817 या गुरुत्वीय लहरीच्या नोंदी लायगो-व्हर्गो या लहरी टिपणाऱ्या वेधशाळांनी सर्वांसाठी खुल्या ठेवल्या आहेत. उन्हाळ्यात आपल्याकडे लाइटचा भरवसा नसतो, म्हणून फाइल आधीच उतरवून ठेवावी. लायगोच्या अमेरिकेतील लिव्हिंग्स्टन केंद्राच्या नोंदीत टकरीच्या सुमारे 1.1 सेकंद आधी मोठा खरखराट आलेला आहे. तो काढलेली फाइलच घ्यावी, नाहीतर नेमका कामाचा भाग झाकला जातो.

प्रथम काळ आणि वारंवारिता यांचा आलेख काढावा. टकरीपूर्वी सुमारे 14 सेकंद असताना 50 हर्ट्झ आणि 2.2 सेकंद असताना 100 हर्ट्झ दिसले, तर वाचन बरोबर आहे. वारंवारितेचा उणे 8/3 घात काळासमोर मांडला की सरळ रेषा मिळते आणि तिच्या उतारावरून चर्प वस्तुमान, म्हणजे दोन्ही ताऱ्यांच्या वस्तुमानांचे ठरावीक सूत्राने केलेले एकत्रित माप, निघते, जे सूर्याच्या सुमारे 1.2 पट येते. इथवर तारे केवळ बिंदू म्हणून वागतात, आतल्या द्रव्याचा पत्ता लागत नाही.

तो लागतो शेवटच्या क्षणांत, काहीशे हर्ट्झच्या पुढे. एकमेकांच्या ओढीने तारे लांबट होतात आणि टक्कर किंचित लवकर होते. जिनिंगमध्ये गाठ बांधताना सैल कापूस सहज दबतो आणि घट्ट झालेला उलटा रेटा देतो. ताऱ्यातल्या द्रव्याचा असाच रेटा घनतेबरोबर किती झपाट्याने वाढतो, ते अवस्था समीकरण सांगते. ताठ द्रव्याचा तारा मोठा असतो आणि जास्त विकृत होतो. ही विकृती, म्हणजे लॅम्डा, त्रिज्येच्या साधारण पाचव्या घाताने वाढते. त्यामुळे त्याच वस्तुमानासाठी 11 ऐवजी 13 किलोमीटर त्रिज्या धरली, तर ती दुपटीहून अधिक होते. लॅम्डा मात्र आलेखावर नजर टाकून ठरवू नये. वेगवेगळ्या लॅम्डाच्या गणिती लहरी नोंदीशी जुळवूनच तो काढावा. 2018 च्या लायगो-व्हर्गो विश्लेषणात त्रिज्या 11.9 किलोमीटर आली, दोन्ही बाजूंना 1.4 किलोमीटरची मुभा ठेवून.

मग घनता हातानेच काढावी. सूर्याच्या 1.4 पट वस्तुमान आणि 12 किलोमीटर त्रिज्या घेतल्यास सरासरी घनमीटरला 3.8 × 10¹⁷ किलो येते, म्हणजे अणुकेंद्रकाच्या सुमारे दीडपट. गाभ्यात ती याहून कितीतरी जास्त असते.

शेवटी निवडलेले समीकरण सूर्याच्या दुप्पट वस्तुमान पेलते का, हे तपासावे. जे0740+6620 हा पल्सार, म्हणजे वेगाने फिरणारा न्यूट्रॉन तारा, सुमारे 2.08 पट भरतो. तेवढे न पेलणारे मऊ समीकरण लॅम्डाशी कितीही छान जुळले तरी बाद करावे.